'डिफ्यूज' म्हणजे पसरलेला नव्हे

प्रश्न असा आला आहे: "मामींच्या जठराच्या बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये 'डिफ्यूज टाइप, सिग्नेट रिंग सेल, हर-टू निगेटिव्ह' असं लिहिलंय. घरात सगळे 'पसरलेला कॅन्सर' म्हणू लागलेत. डिफ्यूजला मराठीत पसरलेला म्हणायचं का? आणि मार्करला काय म्हणतात?"

नाही म्हणायचं. हा 'पसरलेला' मी वारंवार ऐकतो आणि दर वेळी चिडतो. मराठी माणसाच्या कानाला 'पसरलेला कॅन्सर' म्हणजे चौथी स्टेज, हात टेकायची वेळ. रिपोर्टमधला 'डिफ्यूज' त्याबद्दल काहीच सांगत नाही. तो पेशींची ठेवण सांगतो. अगदी सुरुवातीचा, जठराच्या आतल्या थरापुरता असलेला आजारही 'डिफ्यूज' प्रकारचा असू शकतो.

फिनलंडच्या लाउरेन यांनी १९६५ साली जठराच्या कर्करोगाचे दोन मुख्य प्रकार पाडले. एकात पेशी एकमेकींना धरून ग्रंथींसारख्या नळ्या करतात आणि आतड्याच्या अस्तरासारख्या दिसतात, तो 'इंटेस्टाइनल'. (याला 'आतड्याचा कॅन्सर' म्हणणारेही आहेत. आजार जठरातच असतो, दिसतो आतड्यासारखा.) दुसऱ्यात पेशी एकमेकींना धरतच नाहीत, एकेकट्या किंवा दोन-चारच्या झुपक्यांनी जठराच्या भिंतीत शिरतात. तो 'डिफ्यूज'. भाताची मूद आणि मोकळी शितं, एवढाच फरक डोळ्यांपुढे आणा. म्हणून माझा शब्द आहे 'सुट्या पेशींचा'. परिभाषेवाले 'विसरित' सुचवतील, कारण शाळेच्या पुस्तकात डिफ्यूजन म्हणजे विसरण. तो शब्द वि अधिक सृ पासून आला, आपलं 'विसरणं' वि अधिक स्मृ पासून. हे व्याकरण दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसाला कोण सांगणार? त्याला 'विसरित' ऐकून विस्मरणच आठवणार.

पेशी सुट्या का होतात, तेही या शब्दातच बसतं. पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन असतं. कॅल्शियम आणि चिकटणं या दोन गोष्टींवरून ते नाव पडलं. या प्रकारात ते बरेचदा नाहीसं झालेलं असतं किंवा निकामी. १९९८ साली न्यूझीलंडमधल्या माओरी कुटुंबांच्या अभ्यासातून दिसलं, की त्याच्या जनुकातला, सीडीएच-१ मधला, दोष वारशानं आला तर हाच सुटा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या होत राहतो. दोन्ही प्रकारांच्या वाटाही वेगळ्या: आतड्यासारखा प्रकार रक्तावाटे यकृताकडे जास्त वळतो, सुटा पोटाच्या पोकळीच्या पडद्याकडे. सुटा प्रकार हट्टी असतो, हे खरं आहे आणि ते लपवू नये. पण हट्टी वेगळं, पसरलेला वेगळं.

आता मला ज्याबद्दल बोलायचं आहे ते. हा सुटा प्रकार कधी कधी जठराची सगळी भिंत व्यापतो, भिंत जाड आणि ताठ होते, जठर फुगेनासं होतं. इंग्रजी डॉक्टर त्याला 'लेदर बॉटल स्टमक' म्हणत आले. याचं 'चामड्याची बाटली' असं भाषांतर वाचून मला राहवत नाही. आपल्याकडे 'पखाल' असताना! पखाली रेड्याच्या पाठीवरून पाणी आणायचा ती. ती वस्तू गेली, पण 'आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला' असं आपण अजून म्हणतो. वापराविना वाळून ताठ झालेली पखाल म्हणजे हुबेहूब ते जठर.

पखालीचं नातं 'प्रक्षालना'शी लावणारे मला भेटत राहतात, चांगले शिकलेले. पाणी आलं की धुणं आलं, एवढाच त्यांचा आधार. त्यांनी शेवटचं अक्षर पाहावं. संस्कृतातला दोन स्वरांमधला एकटा 'ल' मराठीत 'ळ' होतो: फल-फळ, काल-काळ, जल-जळ. जोड 'ल्ल' मात्र सुटा झाला तरी 'ल'च राहतो: गल्ल-गाल, वल्ली-वेल, भल्ल-भाला. 'तैल'चं तेळ झालं नाही, कारण प्राकृतात ते आधी 'तेल्ल' झालं होतं. प्रक्षालनातला 'ल' एकटा आहे, म्हणून पंढरपूरची प्रक्षाळपूजा आणि जोतिबाची पाकाळणी दोन्हींत 'ळ' आहे. पखालीत 'ल' आहे, म्हणजे मुळात 'ल्ल' हवा. तो आहेच: पयस् म्हणजे पाणी, खल्ल म्हणजे कातडं. पाण्याचं कातडं ती पखाल. एका अक्षरानं निकाल लागतो आणि तरी वाद चालू राहतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्याच अवस्थेचं दुसरं नाव 'लिनायटिस प्लास्टिका'. ब्रिंटन यांनी १८५९ साली दिलेलं, ग्रीक 'लिनॉन'वरून, म्हणजे जवसाच्या धाग्याचं कापड. लिनन, लिनोलियम आणि कपड्याचं लाइनिंग, म्हणजे अस्तर, ही त्याच घरची. गंमत नाही, मोलाची गोष्ट आहे ही: या आजारात जठराचं अस्तर तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतून बरेचदा ठीक दिसतं, वरवरच्या तुकड्यात काही सापडत नाही, कारण रोग अस्तराखाली असतो.

राहिला मार्कर. 'खूण' म्हणा. खूण चांगली-वाईट नसते, ती ओळख पटवते. हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन, ते जास्त आढळलं तर पॉझिटिव्ह. हर-टू पॉझिटिव्ह आलं की लोक घाबरतात, निगेटिव्ह आलं की पेढे वाटायला निघतात. पॉझिटिव्ह म्हणजे ट्रास्टुझुमॅबसारखं त्या खुणेवरच नेम धरणारं औषध वापरता येण्याची शक्यता. निगेटिव्ह म्हणजे तो मार्ग नाही, दुसरे पाहायचे. आतड्यासारख्या प्रकारात ही खूण जास्त आढळते, सुट्या प्रकारात कमी, त्यामुळे मामींच्या रिपोर्टमध्ये वेगळं काही घडलेलं नाही.

'सिग्नेट रिंग' म्हणजे मुदी, शिक्क्याची अंगठी: पेशीत श्लेष्म साठून तिचं केंद्रक कडेला ढकललं जातं, अंगठीच्या खड्यासारखं दिसतं. तेव्हा घरात असं सांगा: 'सुट्या पेशींचा प्रकार, मुदीसारख्या पेशी, हर-टूची खूण नाही.' पसरला आहे का, हे या कागदावर नाही. ते सीटी स्कॅनमध्ये आणि गरज पडली तर पोटाच्या पोकळीत दुर्बीण घालून (लॅपरोस्कोपी) पाहिल्यावर कळेल.