पाच कंपन्या, एकच गल्ली

प्रश्न : उन्हाळ्यात मुलीकडे बर्लिनला दोन महिने राहून आलो. प्रेन्झ्लाउअर बेर्ग भागात माउअरपार्कलगत पाच पार्सल कंपन्यांनी एकाच आवारात डेपो चालवला होता आणि तेथून सायकलींवरून वाटप होई, असे जावयांनी सांगितले. इकडे आमच्या सोसायटीत दुपारपर्यंत चार कंपन्यांची मुले येऊन जातात. कधी कधी तर चौघेही आमच्याच दारी. एकाच मुलाने सगळ्यांची पार्सले का आणू नयेत?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपण म्हणता तो उपक्रम म्हणजे ‘कोमोडो’. जर्मनीच्या केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या अर्थसाहाय्याने तो २०१८च्या मध्यास सुरू झाला आणि डीएचएल, डीपीडी, जीएलएस, हर्मेस व यूपीएस या पाच कंपन्या त्यात सामील झाल्या. मोठ्या गाड्या पार्सले आणून आवारातील कंटेनरांत उतरवीत आणि तेथून साधारण तीन किलोमीटरच्या परिघात मालवाहू सायकली ती घरोघरी नेत. पहिल्या वर्षात जास्तीत जास्त ११ सायकलींनी सुमारे १,६०,००० पार्सले पोचवली. मात्र आपल्याला जे अपेक्षित आहे, ते तेथेही घडले नव्हते. आवार सामाईक होते आणि ते सांभाळण्याचे काम बेहाला या बर्लिनच्या बंदर व गोदाम कंपनीकडे, म्हणजे स्पर्धेबाहेरच्या तिऱ्हाइताकडे होते. परंतु कंटेनर ज्याचा त्याचा, सायकल ज्याची त्याची आणि पार्सलेही ज्याची त्याची. चाळीत नळ एक असला तरी हंडे आपापले असतात, तसाच हा प्रकार होता.

पार्सले एकत्र न करण्यामागे केवळ हट्ट आहे, असे मानू नये. समजा, कोथरूडच्या एका भागासाठी चार कंपन्यांकडे प्रत्येकी ५० पार्सले आहेत. ती एकत्र केली तर दोन थांब्यांमधले अंतर घटेल हे खरे. पण पार्सले जर वेगवेगळ्या घरांची असतील, तर जिने तेवढेच चढावे लागतील, बेल तितक्याच वेळा वाजवावी लागेल आणि ‘साहेब घरी नाहीत, वॉचमनकडे ठेवा’ हे उत्तरही तितक्याच वेळा ऐकावे लागेल. दाट वस्तीत वाटप करणाऱ्याचा बराचसा दिवस गाडी चालवण्यात जात नाही. तो गाडी उभी करण्यात, चालण्यात आणि दारात ताटकळण्यात जातो. शिवाय मोठ्या कंपनीची गाडी डेपोतून निघतानाच गच्च भरलेली असते आणि भरलेल्या चार गाड्यांचा माल एका गाडीत मावत नाही. खरी बचत होते ती अर्ध्या रिकाम्या फिरणाऱ्या गाड्यांची, किंवा एकाच इमारतीत अनेकांचा माल जातो अशा ठिकाणी.

त्यामुळेच माल खरोखर एकत्र करण्याचे जुने उदाहरण घरगुती वस्तीतले नाही. जपानमधील फुकुओका शहराच्या तेन्जिन या दुकाने व कार्यालयांनी गजबजलेल्या भागात वाहतूकदारांनी १९७८ मध्ये संयुक्त वाटप सुरू केले आणि १९९४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कंपनीच काढली. तीसहून अधिक वाहतूकदार या भागाचा माल तिच्या स्वाधीन करीत आणि एका इमारतीचा माल एकाच गाडीतून जाई. गाडी उभी करण्यास जागा नाही, ही अडचण सर्वांचीच होती; ती नसती तर ही मंडळी एकत्र बसली असती, असे मला वाटत नाही.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. हाती आलेल्या पार्सलावर चिकटवलेली चिठ्ठी नीट पाहावी : प्रत्येक कंपनीचा बारकोड तिच्याच यंत्रणेत उघडतो. शिवाय फोनवर ओटीपी येतो, तोही त्या कंपनीचा. ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ असेल तर रोकड कोणी मोजायची, फुटलेल्या वस्तूची भरपाई कोणी द्यायची आणि ग्राहकांचे पत्ते व फोन नंबर प्रतिस्पर्ध्याच्या हाती द्यायचे काय, हे प्रश्न त्यापाठोपाठ येतात. मुंबईच्या डबेवाल्यांचे जमते, कारण घरून डबा उचलणारा आणि कचेरीत पोचवणारा माणूस वेगळा असला तरी झाकणावरची खूण दोघांनाही वाचता येते. कुरियर कंपन्यांची अशी सामाईक खूण नाही, आणि ती असावी अशी निकड त्यांना आजवर भासलेली दिसत नाही. तोवर आपल्या सोसायटीने फाटकाशी सर्व कंपन्यांसाठी एकच पार्सल-कपाट ठेवले, तरी प्रत्येकाचे चार जिने वाचतील.

प्रश्न : कंपन्या वाटपासाठी एकत्र बसू लागल्या, तर त्याच बैठकीत दरही ठरवणार नाहीत काय?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : ही भीती अनाठायी नाही. फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने डिसेंबर २०१५ मध्ये २० पार्सल कंपन्यांना मिळून ६७ कोटी युरोंहून अधिक दंड ठोठावला होता. व्यापारी संघटनेच्या बैठकांच्या निमित्ताने या कंपन्या वार्षिक दरवाढीची माहिती एकमेकांना देत होत्या. आपल्या स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ नुसार दर ठरवण्याचे संगनमत प्रतिबंधित आहेच; पण ‘मडगाव तुम्ही घ्या, फोंडा आम्ही घेतो’ अशी प्रदेशांची वाटणीही त्याच कलमात येते, आणि फेऱ्या वाचवू पाहणाऱ्या व्यवस्थापकाला सर्वप्रथम सुचते ती नेमकी हीच वाटणी. वितरणाची कार्यक्षमता वाढवणाऱ्या संयुक्त उपक्रमांना याच कलमात सवलत आहे. म्हणून अशा उपक्रमात ग्राहक व दर ज्याचे त्याच्याकडे ठेवावेत आणि केवळ गोदाम, गाडी व माणूस तिऱ्हाईत संस्थेच्या हाती द्यावा, हे बरे.