डांबरी रोडवर घोडा दुडकी पळवला तर चालतो का? दम कसा वाढवायचा?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की पाच वर्षांचा मारवाडी घोडा आहे, पावसाळाभर तबेल्यात बांधून होता, आता डिसेंबरात सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेला गावाकडून त्याच्यावर बसूनच जायचंय, आणि जवळ मैदान नाही म्हणून रोज सकाळी डांबरी रोडवर अर्धा तास सलग दुडकी, म्हणजे चाल आणि दौड यांच्या मधल्या वेगात, पळवताय. तर रोडवर दुडकी चालते, पण एवढी नाही आणि आत्ताच तर अजिबात नाही. उद्यापासून दुडकी बंद करा आणि फक्त चालवा.

कारण सांगतो. घोड्याचा दम फार लवकर येतो. तीन-चार आठवडे नीट काम दिलं की धाप कमी होते, घाम पातळ सुटायला लागतो, घोडा लगाम ओढून पुढे जायला बघतो, आणि आपल्याला वाटतं झाला तयार. पण पाय तयार झालेले नसतात. स्नायूंना दोन-तीन महिने लागतात, गुडघ्याखालच्या नळीच्या हाडामागच्या ज्या नसा (रक्ताच्या नाही, स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) असतात त्यांना त्याहून जास्त, आणि हाड आणि खूर पक्के व्हायला वर्षभरसुद्धा लागतं. म्हणजे दीड-दोन महिन्यांनी घोड्याला पळायची हौस पूर्ण असते आणि पाय मात्र अर्धेच तयार असतात, आणि बहुतेक चांगली जनावरं याच काळात लंगडी होतात. दम बघून काम वाढवायचं नाही, पाय बघून वाढवायचं, मला तुम्हाला मुख्य हेच सांगायचंय.

दुडकीत तिरपे दोन पाय एकदम पडतात, पुढचा डावा आणि मागचा उजवा, मग उलट, आणि मधे क्षणभर चारही पाय हवेत असतात. त्यामुळे प्रत्येक पावलाला पुढच्या एका पायावर जवळपास अख्ख्या अंगाच्या वजनाएवढा भार येतो, वरून आपलं वजन. मातीत खूर थोडा रुततो, सरकतो, हादरा मुरतो. डांबरावर तो सगळा खुरातून नळीत आणि सांध्यात जातो. थोडा हादरा हाडाला चांगला असतो, त्यानेच हाड घट्ट होतं, पण रोज अर्धा तास म्हणजे हाडाला भरून यायला वेळच मिळत नाही.

आता काय करायचं ते. पहिले तीन-चार आठवडे नुसती चाल, अर्ध्या तासापासून सुरू करून सव्वा-दीड तासापर्यंत न्या. रमतगमत नाही, मान मोकळी ठेवून झपझप, मोबाईलच्या जीपीएसवर ताशी सहा किलोमीटरच्या वर दिसलं पाहिजे. चालीला रोड उत्तम आहे, सपाट असतो, खड्डा नसतो, पाय मुरगळत नाही. त्यानंतर दुडकी, पण दोन-तीन मिनिटं दुडकी, पाच मिनिटं चाल, परत दुडकी. दिवसाची एकूण दुडकी हळूहळू पंधरा-वीस मिनिटांवर न्यायची, आणि स्पीड बारा-तेराच्या वर जाऊ द्यायचा नाही. रोडवर वेगात दुडकी पळवणारी पोरं बघतो ना, मला खरंच वाईट वाटतं, जनावर काही बोलत नाही म्हणून चालून जातं सगळं.

मैदान नाही म्हणता, पण पाणंद रस्ता असेलच की, नाहीतर रोडची मुरमाची साईडपट्टी. दुडकी शक्यतो तिथे करा. काळ्या रानात नको, ओलं असलं की पाय रुततात आणि वाळलं की भेगा पडतात. नदीची खोल वाळू तर नसांचा शत्रूच आहे. चढ असेल तर सोनं, चढावर दुडकी घेतली की वेग न वाढवता काम मिळतं आणि पुढच्या पायावर भार कमी येतो. उताराला मात्र नेहमी चाल, आणि लांबचा उतार असेल तर खाली उतरून धरून न्या.

रोडचा एक फायदा लोक घेतच नाहीत, तो म्हणजे आवाज. दुडकीत टप-टप दोनच ठोके, दोन्ही सारखे यायला पाहिजेत. एक ठोका जड आणि एक हलका यायला लागला तर कुठेतरी दुखतंय. मग कुणाला तरी समोरून बघायला सांगा, दुखरा पुढचा पाय टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. असं दिसलं की त्या दिवशी काम बंद.

दुसरं, रोज सकाळी खरारा करायच्या आधी, पाय थंड असताना, गुडघ्याखालून खालपर्यंत नळीच्या मागून हात फिरवा. नस वेगळी, घट्ट, थंड लागली पाहिजे. एका पायाला दुसऱ्यापेक्षा गरम लागलं किंवा बोटाला मऊ फुगीर काही लागलं तर लंगडत नसला तरी आराम द्या, डॉक्टरला दाखवा. रोज हात फिरवला की तुमच्या घोड्याचं नॉर्मल काय ते हाताला पाठ होतं.

दम मोजायचा तर नाडी बघा. जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेला आतून बोट फिरवलं की एक शीर सरकते, पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. उभ्या घोड्याची 30 ते 40 असते. कामानंतर दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालवल्यावर 60 च्या आसपास यायला पाहिजे. एन्ड्युरन्सच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या, स्पर्धांमध्येसुद्धा साधारण 64 च्या खाली आल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. खाली येत नसेल तर काम जास्त झालं किंवा ऊन जास्त होतं.

रवालीचा (न उसळता सपसप जाणाऱ्या, बसायला मऊ चालीचा) घोडा असेल तर तो दुडकी सोडून रवालीत जाईल, त्याला मारू नका, लगाम सैल करा, चालीवर आणा, परत मागा. दुडकीत तुम्ही रिकिबीवर उठत-बसत असाल तर बाजू बदलत राहा, म्हणजे कधी डाव्या पुढच्या पायाबरोबर उठा, कधी उजव्या, नाहीतर पाठीची एकच बाजू थकते.

चंदीचं, म्हणजे दाण्याच्या खुराकाचं बघा, आधी काम वाढवायचं मग चंदी, उलटं नाही. सुट्टीच्या दिवशी हरभरा, जव अर्ध्यावर आणा. पूर्ण चंदी खाऊन दिवसभर बांधलेला घोडा दुसऱ्या दिवशी कामाला काढला की पुठ्ठे दगडासारखे आखडू शकतात, पाऊल टाकत नाही, लघवी कॉफीच्या रंगाची होते. तसं झालं तर चालवत घरी आणू नका, आहे तिथेच उभा करा आणि डॉक्टरला बोलवा. घामातून मीठ खूप जातं, रोज दोन मोठे चमचे साधं मीठ चंदीत द्या आणि पाणी कायम समोर ठेवा.

सिमेंट रोडवर आणि पांढऱ्या पट्ट्यांवर दुडकी नको, झिजलेला गुळगुळीत नाल सटकतो, वळणावर तर चालच. नाल पाच-सहा आठवड्यांनी बदला आणि यात्रेला निघायच्या आठ-दहा दिवस आधी मारून घ्या, आदल्या दिवशी नको, एखादा खिळा लागला असेल तर कळायला वेळ मिळतो.

गावापासून सारंगखेडा किती किलोमीटर आहे आणि वाटेत मुक्काम कुठे करणार ते लिहा, त्यावर रोजचा टप्पा किती ठेवायचा ते सांगता येईल.