सोंड्यांच्या कोठीतली पंखवाली 'मुंगी': दुकानदाराचं ऐकून गोळ्या टाकू नका

प्रश्न: साठवलेल्या धान्यात सोंडे झालेत. आता वर काळसर, पंखवाल्या मुंग्यांसारखे बारीक किडेही पळताना दिसतात. दुकानदार म्हणतो ही नवी कीड आहे, गोळ्या दुप्पट टाका. टाकू का?

उत्तर: नको. वर पळतंय ते धान्य खात नाही, माणसालाही त्रास देत नाही. दोन-तीन मिलिमीटरचं अंग, बारीक कंबर, सारख्या हलणाऱ्या मिशा असतील तर ती सोंड्यांवर जगणारी परोपजीवी माशी, बहुधा अनिसोप्टेरोमॅलस किंवा लॅरिओफॅगस. कुणी आणून सोडली नसली तरी ती वासावर येते.

सोंड्याची अळी दाण्याच्या आत बसून पोखरते, बाहेरून काही कळत नाही. पण तिच्या विष्ठेचा वास दाण्याबाहेर येतो. चांगल्या दाण्याला तो नसतो. मादी त्या वासाचा माग काढत ढिगात शिरते, मिशांनी दाणा ठोकून बघते, मग अंडी घालायच्या सुईने दाणा भोकून आतली अळी लुळी करते आणि तिच्यावर अंडं घालते. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत त्या दाण्यातून सोंड्याऐवजी माशी निघते. एकदा अळी सापडली की लॅरिओफॅगसची मादी तिथला वास लक्षातही ठेवते. धान्यात जाळी करणाऱ्या पतंगाच्या अळीवर मात्र हॅब्रोब्रॅकॉन ही दुसरीच माशी येते, अळीच्या तोंडातला स्राव आणि धागे हुंगत.

पण खूश होऊ नका. माशा भरपूर दिसतात म्हणजे आत किडके दाणेही भरपूर आहेत. शिवाय मोठ्या सोंड्याला ती हात लावत नाही. कीड थोडी असताना तिचा उपयोग. धान्याचं पीठ व्हायला लागल्यावर तिच्याकडून आशा धरू नका.

आता गोळ्या. ॲल्युमिनियम फॉस्फाईडचा वायू सोंडे मारतो, माशा मारतो आणि माणूसही मारतो. राहत्या घरात कधीही नाही. दुप्पट टाकून काम निम्म्या दिवसांत होत नाही, कारण दाण्यातल्या अंड्यांना आणि कोषांना मारायला पुरेसे दिवसच लागतात. कोठी गळत असेल तर कितीही टाका, वायू निघून जातो, वाचलेले सोंडे पुढे औषधाला दाद देत नाहीत. धुरी द्यायचीच तर प्रशिक्षित माणसाकडून, हवाबंद करून, ठरलेल्या मात्रेतच. दुप्पट नाही, म्हणजे नाही. खाण्याच्या धान्यात डांबर गोळी टाका असं सांगणाराही भेटेल. त्याला दारातूनच परत पाठवा.

ट्रायकोकार्डही (ट्रायकोग्रामा या बारीक परोपजीवी माशीचं कार्ड) या कामाचं नाही. ती माशी पतंगाच्या उघड्या अंड्यांवर जाते. सोंड्याचं अंडं दाण्यात बुजवलेलं असतं. विकणारा हे सांगत नाही.

प्रश्न: वास लावून या माशा बोलावता येतात का?

उत्तर: कामगंध सापळ्याची ल्यूर, म्हणजे मादी पतंगाच्या वासाची कुपी, त्यासाठी नसते. ती नर पतंग ओढते, त्यावरून कीड आली एवढं कळतं. वासाची कुपी घेऊन धान्य वाचत नाही.

मी सगळ्यांना एकच सांगतो: वाळवा आणि चाळा. तृणधान्य 12 टक्क्यांच्या खाली ओलावा येईपर्यंत वाळवायचं, पूर्ण थंड करून मगच भरायचं. गरम भरलं तर आत घाम धरतो. नवं धान्य जुन्यावर ओतू नका. जुन्यातले सोंडे तिथेच वाट बघत असतात. कोठीच्या फटीतला, तळाचा भुसा खरवडून काढा. माशा सोडायच्या असतील तर त्या यानंतर, कीड नगण्य असताना. कीटकनाशक भुकटी मारलेल्या जागेत सोडल्या तर माशाच आधी मरतात. 

दर पंधरा दिवसांनी ढिगाच्या मधलं मूठभर धान्य काढून बघा. हाताला गरम लागलं तर त्याच दिवशी कोठी रिकामी करून धान्य चाळा आणि पसरा.