‘काम पडलं त आठवलं’ म्हनतीन ना, मॅडम!

पदवीचे निकाल लागले की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या पोरापोरींचं एकच गाऱ्हाणं असतं, ‘आमची कोणाशी ओळख नाही.’ यवतमाळात बसून हे इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्यही मला पाठ आहे, ‘शहरातल्यांचं बरं असते.’

म्हणून अश्विनीबद्दल लिहिते. नाव बदललंय. गाव दारव्हा तालुक्यातलं, घरी कोरडवाहू वावर, कपाशी आणि तूर. बी.एस्सी. कृषी झालेली, गुण चांगले, तरी घरीच बसून. आई स्थळं बघायला लागली तशी हिची झोप उडाली. सुरुवातीच्या भेटी त्या ताणातच गेल्या, ते सगळं इथे सांगत बसत नाही. मग एकदा मी म्हटलं, “फोन काढ. नातेवाईक सोडून बाकीची नावं वाच.”

कॉलेजातल्या मैत्रिणी, कृषी सेवा केंद्रवाला, बँकेतली ताई आणि मग ‘बोंडअळी सर’.

“हे कोण गं?”

“आम्ही रावेत होतो ना मॅडम, तेव्हा कृषी विज्ञान केंद्रातून आले होते. कामगंध सापळे लावाले शिकवलं त्यायनं.”

रावे म्हणजे शेवटच्या वर्षी गावात राहून करायचा कार्यानुभव. आणि कामगंध सापळे म्हणजे मादीच्या गंधानं अळीचे नर पतंग ओढून पकडणारे सापळे. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली कपाशी पोखरली, तेव्हापासून आपल्याकडे या सापळ्यांना फार महत्त्व आलंय.

“नंतर कधी बोललीस त्यांच्याशी?”

“नाई. आता केला फोन त म्हनतीन, काम पडलं त आठवलं पोट्टीले. कामापुरता मामा.”

“म्हणाले समज. मग?”

“मले लई लाज वाटीन.”

“वाटू दे. त्याच्यापुढं?”

बराच वेळ ती ओढणीचं टोक पिळत बसली. “त्याच्यापुढं... काहीच नाई. घरीच हावो, घरीच राहीन.” आणि स्वतःच हसली.

या हसण्यासाठी मी हा व्यवसाय करते, असं म्हटलं तरी चालेल. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाला मानणारी. एकोणिसाव्या वर्षी हा बुजरा पोरगा न्यूयॉर्कमधल्या ब्रॉंक्सच्या बागेत महिनाभर जात राहिला आणि बाकावर बसलेल्या सुमारे 100 अनोळखी मुलींशी मुद्दाम बोलला. भेटायला एकच तयार झाली आणि तीही आली नाही! पण त्याची भीती गेली. ‘मला कोणी नाही म्हणताच कामा नये’ ही मनातली सक्ती माणसाला घरी बसवते, नकार नाही. हे अश्विनीला मी समजावलं असतं तर तिनं नुसती मान डोलावली असती. ते तिच्याच तोंडून यायला हवं होतं.

नोकरीचा विषय पहिल्या फोनमध्ये काढायचा नाही, असं आम्ही ठरवलं. त्या सरांना उपयोगी पडेल असं तिच्याजवळ काय होतं? वावरातले सापळे! तिनं लिहिलं, ‘नमस्कार सर, रावेत तुम्ही आमच्या गटाला सापळे शिकवले होते. आमच्या कपाशीत सलग 3 रात्री दर सापळ्यात 8 च्या वर पतंग सापडलेत. बोंडं फोडून पाहिली, फोटो पाठवते.’ ज्याला हे काम कळतं त्याला हा आकडा पुरतो. फवारणीचा विचार करायची पातळी तीच. दुसऱ्या दिवशी सरांचा लांबलचक आवाजी निरोप आला आणि शेवटी, “सध्या काय करतेस?”

सरांकडे नोकरी नव्हतीच. त्यांनी एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या व्यवस्थापकाचा नंबर दिला. तिथेही जागा नव्हती, पण त्या भल्या माणसानं शेजारच्या तालुक्यातल्या कापूस प्रकल्पाचं नाव सांगितलं. तिथे ती क्षेत्र सहायक म्हणून लागली. पगार बेताचा आहे, करार वर्षाचा.

मला याचं नवल वाटलं नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं 1973 साली मांडलंय की, ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी जेमतेम 17 टक्के लोकांची त्या माणसाशी वरचेवर गाठ पडत होती. बाकीच्यांची अधूनमधून किंवा क्वचितच. कारण सरळ आहे. काका-मामांना जे ठाऊक असतं ते तुम्हालाही ठाऊकच असतं. तेव्हा ‘आपलं कोणी नाही’ म्हणताना आपण फक्त सोयरे मोजतो.

ओळख टिकवायची कशी, हे तर आपल्या घरांत आधीपासून चालतं. आहेराची वही असते ना, कोणी काय दिलं ते लिहून ठेवलेली? तशीच एक वही अश्विनीनं केली: माणूस कुठे भेटला, काय करतो, त्यानं काय मदत केली, शेवटचं बोलणं कधी झालं. नोकरी लागल्यावर सर आणि ते व्यवस्थापक, दोघांनाही तिनं स्वतः फोन करून कळवलं. हे बहुतेक जण विसरतात, आणि मग पुढच्या वेळी खरंच लाज वाटते. रोज सकाळी गुलाबाची फुलं पाठवण्याला मात्र मी संपर्क मानत नाही. चार महिन्यांतून एकदा कामाची बातमी कळवली तरी पुष्कळ.

मुलींच्या आया विचारतात, परक्या माणसांना फोन कसा करू द्यायचा? दिवसा करावा, कामापुरतं बोलावं, भेट ऑफिसातच घ्यावी आणि घरी सांगून जावं. बोलणं कामावरून सरकलं की नंबर ब्लॉक, वहीतलं नावही खोडायचं.

आणि ‘ओळख आहे, लावून देतो’ म्हणत जो पैसे मागतो, त्याचं नाव वहीत लिहायचंच नाही. वावर गहाण टाकून असे पैसे दिलेले बापही माझ्याकडे येतात.