गावातलं वाचनालय टिकवायला तंत्रज्ञानाचा कल्पक वापर कसा करता येईल?

सगळं मोबाइलवर मिळत असताना तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात माणसं का येतील, असं तुम्ही विचारलंय. मी अशाच एका ‘ब’ वर्गाच्या वाचनालयात अकरा वर्षं देवघेवीच्या टेबलावर बसते, म्हणून तिथलंच सांगते.

नुसते चार संगणक मांडून ‘डिजिटल’ अशी पाटी लावू नका. इंटरनेट लोकांच्या खिशात आहेच. जे फक्त आपल्याच कपाटात आहे, ते बाहेर काढा.

आमच्याकडे गावातल्या एका जुन्या साप्ताहिकाच्या फायली होत्या. पानं इतकी ठिसूळ, की उलटताना कोपरा हातात यायचा. स्कॅनरवर दाबली असती तर तुकडेच झाले असते. मग दोन्ही बाजूंनी टेबल लॅम्प तिरपे लावले, मोबाइल स्टँडवर उलटा अडकवला आणि एकेका पानाचा वरून फोटो घेतला. अक्षरं ओळखणारं ओसीआर जुन्या खिळ्यांच्या छपाईत ‘घ’ आणि ‘ध’ची गल्लत करतं, म्हणून मुद्रितशोधन माणसांनीच केलं, कॉलेजच्या मुलांनी आणि पेन्शनरांनी शेजारी बसून. एका आजींना त्यात वडिलांच्या पिठाच्या गिरणीची जाहिरात सापडली. दुसऱ्या दिवशी त्या गिरणीचा फोटो घेऊन आल्या. तोही आम्ही संग्रहात घेतला.

कॉपीराइट मात्र बघा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. तो संपलेली पुस्तकं मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयावर चढवता येतात.

माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम मात्र अंध वाचकांसाठीचं. 2012 च्या दुरुस्तीनंतर आपला कॉपीराइट कायदा अपंगांसाठी, नफा न घेता, हक्क चालू असलेलं पुस्तकही ध्वनिरूपात करू देतो. ते फक्त त्यांच्याच हाती जाईल याची काळजी आपण घ्यायची. आमच्याकडे दोन निवृत्त शिक्षिका दुपारी कपाटांच्या खोलीत पंखा बंद करून वाचतात. चहूबाजूंनी पुस्तकं असली की आवाज घुमत नाही, साध्या मोबाइलवरही स्वच्छ येतो. आकडे आणि तळटिपा कशा वाचायच्या हे आधी ठरवून घ्या, नाहीतर मध्येच अडायला होतं.

पुस्तकांच्या यादीसाठी कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरा. 1999 साली न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी ते तयार झालं, फुकट आहे. नोंदी युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता-शोधता येणाऱ्या अक्षरपद्धतीतच टंका. आमची जुनी यादी दुसऱ्या फाँटमध्ये होती. शोधात एकही नाव सापडेना, आणि दाखलनोंद रजिस्टर पुढ्यात घेऊन सगळी पुन्हा टंकावी लागली.

व्हॉट्सॲप ग्रुप तर कराच. पण नव्या पुस्तकाचं मुखपृष्ठ टाकू नका, अनुक्रमणिका टाका. आमच्याकडे त्यावरूनच ‘माझ्यासाठी ठेवा’ असे निरोप येतात.