चाळिशी उलटल्यावर कंटेम्पररी डान्सचा क्लास लावावा का?

तुम्ही लिहिलंय की वय ४४, राहायला बडोद्याच्या कारेलीबागेत, आयुष्यात गरब्यापलीकडे काही नाचला नाहीत, डावा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, आणि क्लासमध्ये सगळी कॉलेजची पोरं असतील या धास्तीने दोनदा दारातून परत आलात. मी ५१ वर्षांचा, एका केमिकल कंपनीत अकाउंट्स सांभाळतो. पहिल्यांदा क्लासला गेलो तेव्हा ४७ होतो. त्यामुळे हे एका विद्यार्थ्याचं उत्तर समजा.

जा. पण कशाला तयार राहायचं ते आधी सांगतो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं.

मला वाटलं होतं पहिल्या दिवशी पाय डोक्याएवढा उचलायला लावतील. लावलं काय, तर जमिनीवर आडवं व्हायला. वीस मिनिटं नुसतं लोळणं: पाठीवरून कुशीवर, कुशीवरून पोटावर, मग हात न टेकता उठून बसणं. शेवटचं मला जमेना. तेव्हा लक्षात आलं की मी जमिनीवर बसणं सोडून कैक वर्षं झाली होती. जेवायला टेबल, ऑफिसात खुर्ची, सत्यनारायणालासुद्धा पाट नको, स्टूल द्या. लवचिकता नंतर बघू, आपल्या वयाच्या माणसाला आधी जमिनीचीच भीती वाटते. बॅले या युरोपातल्या शास्त्रीय नृत्यात शरीर वर ओढून धरतात. त्याविरुद्ध बंड करून जे आधुनिक नृत्य उभं राहिलं, त्याने वजन खाली सोडायला शिकवलं. अमेरिकन नर्तकी मार्था ग्रॅहमने (तिची नृत्यकंपनी १९२६ची) श्वास सोडताना पोट आत खेचून पाठ गोलाकार वाकवण्यावर अख्खी पद्धत उभारली. तिच्याच काळातल्या डोरिस हम्फ्रीने पडणं आणि सावरणं यांच्या मधल्या क्षणालाच नृत्य मानलं. आजच्या कंटेम्पररीच्या क्लासमध्ये यातलंच काही ना काही मिसळलेलं असतं.

पडायचंही एक तंत्र असतं. गुडघा, कोपर, मनगट यांवर कधीच पडायचं नाही. आधी खाली वाकायचं, मग पोटरीची बाजू, मांडीची बाजू, नितंब, कूस अशा मऊ भागांवरून क्रमाने उतरायचं, आणि उतरताना श्वास सोडायचा. श्वास रोखलात की शरीर लाकडासारखं होतं आणि दणकन आपटतं. मला हे यायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत ‘नाच’ म्हणावा असं मी काहीही केलं नाही, आणि तरी घामाने भिजून घरी जायचो.

आता गरब्याविषयी. तुम्ही म्हणता, तेवढंच येतं. तेवढं पुष्कळ आहे. अनवाणी पाय, वाकलेले गुडघे, दोन-दोन तास टिकणारा दम, गिरकी घेऊन परत जागेवर येणं, हे सगळं बडोद्याच्या माणसाकडे आधीच असतं. अडचणही त्यातूनच येते. गरब्यात पुढे काय करायचं ते टाळी सांगते आणि कुठे जायचं ते फेर सांगतो. कंटेम्पररीत कधी ताल असतो, कधी नुसता पंख्याचा आवाज. ‘खोलीभर चाला’ म्हटल्यावर मी दर वेळी नकळत गोल फिरायला लागायचो. शेवटी शिक्षिका म्हणाली, ‘काका, अहीं वच्चे माताजी नथी.’ म्हणजे, इथे मधोमध देवी नाही, तिच्याभोवती फेर धरायला.

गुडघ्याचं सांगतो. आधी अस्थितज्ज्ञाला दाखवा आणि त्याने जे मना केलं असेल ते शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा. वाकताना गुडघा पावलाच्या दिशेनेच जायला हवा, आत वळता कामा नये. व्हॉलीबॉलवाले घालतात तसले नी-पॅड घ्या. आणि फी विचारण्याआधी फरशी बघा. आपल्याकडे बरेच क्लास सोसायटीच्या हॉलमध्ये नाहीतर तळघरात चालतात, खाली गुळगुळीत टाइल्स. त्यावर मोजे घालून घसरायला होतं आणि उड्या मारल्या तर सगळा दणका गुडघ्यात जातो. लाकडी फरशी असेल तर उत्तम, निदान वर मॅट तरी हवी.

पाटीवर कंटेम्पररी लिहिलंय म्हणून आत तेच शिकवतात असंही नाही. पुष्कळ ठिकाणी हळू चालीचं सिनेमाचं गाणं लावून स्टेप्स बसवतात. वाईट नाही, पण तुम्हाला जे हवंय ते वेगळं. मी आधी अशाच एका ठिकाणी गेलो होतो. बारा वर्षांच्या मुलांबरोबर उभं केलं, दुसऱ्याच महिन्यात वार्षिक कार्यक्रमाच्या ड्रेसचे पैसे मागितले आणि मला आजोबांची भूमिका दिली. उरलेल्या फीवर पाणी सोडलं. म्हणून विचारा: मोठ्यांची बॅच वेगळी आहे का, वॉर्म-अप किती वेळ, जमिनीवरचं काम किती.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण मनात असणार. यात दुसऱ्याच्या अंगावर भार टाकण्याचे व्यायाम असतात. १९७२ मध्ये अमेरिकन नर्तक स्टीव्ह पॅक्स्टनने सुरू केलेल्या कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशनचा, म्हणजे एकमेकांच्या स्पर्शातून आणि भारातून आयत्या वेळी सुचेल तसं नाचण्याचा, हा वारसा. शहाणा शिक्षक पाठीला पाठ टेकण्यापासून सुरुवात करतो आणि आधी विचारतो. नको वाटलं तर नाही म्हणा. कारण सांगायची गरज नाही.

राहिली लाज. आमची आई दांडिया बाजारातली. तिला कळलं तेव्हा म्हणाली, ‘गणपतीत नाचता तेवढं पुरे नाही का?’ मी तिला सुनावलं, की सयाजीराव महाराजांच्या चिमणाबाई राणीसाहेबांबरोबर तंजावरच्या नर्तकी याच बडोद्यात आल्या, महाराजांनी त्यांना दरबारी ठेवलं, आज आपल्या विद्यापीठात भरतनाट्यम आणि कथकची पदवी मिळते. आई म्हणाली, ‘त्यांना पगार होता. तू फी भरतोयस.’ यावर माझ्याकडे उत्तर नाही. वयाचं मात्र आहे: नवसारीत जन्मलेले नर्तक अस्ताद देबू, कथक, कथकली आणि परदेशातलं आधुनिक नृत्य सगळं पचवलेले, साठी ओलांडल्यावरही रंगमंचावर होते. आपल्याला तर फक्त हॉलच्या एका कोपऱ्यात उभं राहायचंय.

आणि ती कॉलेजची पोरं तुमच्याकडे बघत नाहीत हो. ती आरशात स्वतःकडे बघत असतात.

नवरात्रीच्या आधी मात्र लावू नका. अर्धी बॅच गरब्याच्या सरावाला पळते आणि हॉलही तिकडेच जातात. दिवाळी झाली की फोन करून एक ट्रायल क्लास मागा. ओढणी घरी ठेवा, गुडघ्याखाली येणारा जुना सुती पायजमा घाला. पहिले पंधरा दिवस पावलाची वरची बाजू लादीवर सोलवटेल. रात्री खोबरेल लावा, पुढे कातडी आपोआप निबर होते.