सत्तावीस सुटलेले चेंडू

मिलवॉकी, मार्चअखेर

चि. कॅचरसाहेब यांस अनेक आशीर्वाद.

तुझ्या बेसबॉल कॉमेंट्रीचं रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. एकदा भांडी घासताना आणि एकदा गाडीत, कारण रेडिओ ऐकायची खरी जागा तीच. चाळीस मिनिटांत तू स्वतःच्या खेळावर नऊ विनोद केलेस आणि स्कोअर चार वेळा सांगितलास. हे काकूने मोजलं, मी नाही. तिला बेसबॉलमधलं फारसं कळत नाही, म्हणून तिला सारखा स्कोअर हवा असतो. रेडिओ ऐकणारे बहुतेक लोक काकूसारखेच असतात, एवढं आधी लक्षात घे.

कॉलेजच्या टीममधून नाव निघालं त्याला अजून सहा महिनेही झाले नाहीत. जखम ओली आहे, मला कळतं. दुसरा कोणी हसायच्या आत आपणच हसून घ्यावं, असं तुला वाटतं. वर तू फोनवर म्हणालास, ‘बॉब युकरनेही तेच केलं की!’ हे पत्र त्या एका वाक्यासाठी लिहितोय. युकर म्हणजे इथल्या ब्रुअर्स टीमचा रेडिओ समालोचक, आणि त्याआधी तुझ्यासारखाच, बॅट्समनमागे बसून चेंडू पकडणारा कॅचर. त्याचे विनोद तुला पाठ आहेत, पण त्यांच्यामागचा माणूस तुझ्यापर्यंत पोचलेला दिसत नाही.

आकडे तुला माहीत आहेतच. सहा सीझन, २९७ सामने, १४ होमरन आणि बॅटिंग सरासरी बरोब्बर .२००, म्हणजे पाच खेपांत एकच फटका. १९६५ मध्ये त्या चौदांतला एक होमरन त्याने सँडी कोफॅक्ससारख्या दिग्गज गोलंदाजाला, म्हणजे पिचरला, मारला. त्यावर तो म्हणायचा, मला भीती वाटली, आता कोफॅक्सला हॉल ऑफ फेममध्ये, थोर खेळाडूंच्या त्या मानाच्या यादीत, घेणार नाहीत. १९६४ ला सेंट लुईस कार्डिनल्स वर्ल्ड सिरीज जिंकले तेव्हा हा टीममध्ये होता, पण सातही सामने बाकावर. मॅच सुरू व्हायच्या आधी बँडवाल्यांचा ट्युबा उचलून त्याच्या कर्ण्यात उंच चेंडू झेलत बसला होता. गंमत म्हणजे ज्याच्यामुळे हा बाकावर, तो टीमचा पहिला कॅचर टिम मॅकार्व्हरही पुढे समालोचक झाला, आणि समालोचकांचा फ्रिक पुरस्कार दोघांनाही मिळाला. बाकावरच्याला २००३ मध्ये, मैदानावरच्याला २०१२ मध्ये.

आता १९६७ बघ. जूनमध्ये फिलाडेल्फियाने त्याला अटलांटाला देऊन टाकलं. तिथे फिल नीक्रो नावाचा पिचर होता. त्याचं हत्यार म्हणजे नकलबॉल. हा चेंडू जवळजवळ न फिरता येतो आणि वाटेत हवेत डुलतो. कुठे जाणार हे पिचरलाही ठाऊक नसतं, मग कॅचरची काय कथा! तू स्वतः पकडून पाहिला आहेस, तुला सांगायला नको. त्या सीझनला युकरच्या हातून २७ पास्ड बॉल झाले, म्हणजे पकडायला हवे होते पण सुटले असे चेंडू, लीगमध्ये सगळ्यांत जास्त. त्यावरचा विनोद जगजाहीर आहे: नकलबॉल पकडायचा सोपा उपाय म्हणजे तो घरंगळायचा थांबेपर्यंत वाट बघायची आणि मग उचलायचा.

पण तू कॅचर आहेस, जरा विचार कर. आपल्या हातून चेंडू सुटतात, लोक हसतात, आकडे खराब होतात, तेव्हा कॅचर काय करतो? तो पिचरला हळूच दुसरा चेंडू मागतो. सरळ येणारा, पकडायला सोपा. युकरने उलट केलं. तू नकलबॉलच टाक, पकडायचं मी बघतो, असं त्याने नीक्रोला सांगितलं. नीक्रोने पुढे आयुष्यभर याचं श्रेय त्याला दिलं. त्या वर्षी नीक्रोचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर पडलेल्या धावा, होता १.८७. जितका कमी तितका चांगला, आणि हा लीगमध्ये पहिला. पुढे तो ३१८ सामने जिंकून हॉल ऑफ फेममध्ये गेला. ते सत्तावीस चेंडू कशाची किंमत होती, आता सांग. विनोदात युकरने स्वतःच्या वाट्याला फक्त घरंगळणारा चेंडू ठेवला, बाकी सगळं नीक्रोला देऊन टाकलं.

तुझ्या विनोदांत हे नाही, आणि म्हणून ते ऐकताना हसू येत नाही, पोटात तुटतं. तू ‘मी किती वाईट खेळायचो’ एवढंच सांगतोस. वाईट खेळताना काय पाहिलंस ते सांगतच नाहीस. दोन वर्षं बुलपेनमध्ये बसून पिचरांना गरम केलंस ना? कोणाचा खांदा कधी पडतो, कोण घाबरला की जास्त वेळ चेंडू चोळत बसतो, हे त्या स्टेडियममध्ये तुझ्याइतकं कोणाला माहीत होतं? तिसऱ्या इनिंगमध्ये त्या डावखुऱ्याने लागोपाठ चार बॉल वाइड टाकले, तेव्हा तू स्वतःच्या सरासरीवर कोटी केलीस. मला मात्र ऐकायचं होतं की त्याचं बिनसलं कुठे.

मी या गावात आलो १९८७ च्या जानेवारीत. इंग्रजी होतं, पण पुस्तकी. कारखान्यातून परतताना सहाशेवीस एएमवर युकर लावायचो. लहानपणी पुण्यात बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री ऐकलेली, आणि तेही रणजी खेळलेले. त्यामुळे खेळलेला माणूस बोलायला लागला की कान आपोआप टवकारायचे. त्या एप्रिलमध्ये ब्रुअर्सनी पहिले तेराच्या तेरा सामने जिंकले. मला वाटलं, ही टीम हरतच नाही. मे महिन्यात लागोपाठ बारा हरले. मला आठवतं ते एवढंच, की युकरचा आवाज दोन्ही महिने सारखा होता. हरताना तो रडायचा नाही, टीमवर भडकायचा नाही. सहाव्या इनिंगला दहा धावांनी मागे पडले की मासेमारीच्या गोष्टी सुरू व्हायच्या, पण बॉल आणि स्ट्राइकचा हिशेब कधी सुटला नाही. माझं निम्मं इंग्रजी त्या हरलेल्या सामन्यांतून आलंय.

टीव्हीवर जॉनी कार्सनच्या गप्पांच्या कार्यक्रमात तो शंभरेक वेळा गेला. बिअरच्या जाहिरातीत पुढच्या रांगेत बसायला निघालेला हा इसम पार वरच्या शेवटच्या रांगेत जाऊन पडला. पण ते सगळं सुट्टीतलं काम. १९७१ पासून २०२४ पर्यंत, ५४ सीझन, तो ब्रुअर्सच्या रेडिओवर होता, आणि तिथे विनोद हे मीठ होतं, भाजी नव्हे. बाय द वे, स्टेडियमच्या त्या शेवटच्या रांगेतही आता त्याचा पुतळा आहे. पुढच्या वेळी आलास की दाखवतो. तिथून मैदान धड दिसत नाही.

त्याची होमरनची हाक नीट ऐक. आधी चेंडूला विनवणी, ‘ऊठ, ऊठ’. मग ‘चल, नीघ इथून’. आणि सगळ्यात शेवटी ‘गेला’. पहिले दोन शब्द नुसती इच्छा, त्यांत चूक होऊच शकत नाही. खरी खबर शेवटच्या शब्दात, चेंडू कुंपणापार गेल्यावर. मला हे फार उशिरा कळलं. इथल्या एका हायस्कूलच्या सामन्याची इंटरनेटवर कॉमेंट्री करताना मी चेंडू हवेत असतानाच ‘होमरन’ ओरडलो. सरोवरावरून वारा सुटला होता. चेंडू कुंपणाच्या अलीकडेच खाली आला आणि फील्डरने तो दोन पावलं पुढे येऊन आरामात झेलला. त्या मुलाची आई खाली बाकड्यावर कानात इअरफोन घालून माझीच कॉमेंट्री ऐकत होती. ती आधी उठून उभी राहिली, मग हळूच बसली, आणि मग मान वळवून तिने माझ्या खिडकीकडे पाहिलं. आठ वर्षं झाली. आजही उंच चेंडू दिसला की ती मान आठवते.

२०२४ च्या ३ ऑक्टोबरला प्लेऑफमध्ये ब्रुअर्स नवव्या इनिंगपर्यंत २-० पुढे होते. मेट्सच्या पीट अलोन्सोने तीन धावांचा होमरन मारला आणि ४-२ ने सीझन संपला. युकर नव्वदीत होता. २०२३ पासून फुप्फुसाचा कॅन्सर होता, पण कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. त्या रात्री तो खाली ड्रेसिंग रूममध्ये जाऊन रडवेल्या पोरांना भेटून आला. जानेवारीत तो गेला. घरच्यांनी आजाराबद्दल सांगितलं ते त्यानंतर.

असो. आता कामाचं. नवं रेकॉर्डिंग कर, पण एकही विनोद न करता. मोह होईल, होऊ दे. पिचर आणि कॅचरमध्ये काय चाललंय तेवढंच सांग, आणि बाकावर कोण बसलंय त्याचं नाव निदान एकदा घे. सुरुवातीच्या इनिंग पाठवू नकोस, सहावीपासून पुढचं पाठव. ब्रुकलिन डॉजर्सचा जुना समालोचक रेड बार्बर समोर अंडं उकडायचं तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवायचा. वाळू संपली की स्कोअर सांगायचा आणि घड्याळ उलटं करायचा. तसलंच एक पोस्टाने पाठवतोय. काकूचं आहे, फोडू नकोस.

तुझा,
काका